म्हादबाचं गिऱ्हाईक

समस्त सगेसोयरे, शेजारीपाजारी आणि हितचिंतक यांस या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिका ही एक थंड आई आहे. सदर बाब पुण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांनी अर्ध्या तासाच्या तपासणीअंती निश्चित केली असून, याबाबत कोणाची हरकत असल्यास ती मुदतीनंतर आलेली समजण्यात येईल.

ज्यांनी मला प्रत्यक्ष पाहिलंय त्यांनी आता हसून घ्यावं. मी थांबते.

झालं? मग बाकीच्यांसाठी सांगते. मी कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिक्षिका. माहेर पेठ वडगावचं. तिथल्या बाजाराच्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या बाईला हाक मारायला जो आवाज लागतो, तो मी जन्मतःच घेऊन आले. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी राजा झाले, राक्षस झाले, एकदा ऐनवेळी एक मुलगा तापानं फणफणला म्हणून झाडही झाले, आणि त्या झाडालासुद्धा टाळ्या पडल्या. हळदीकुंकवाला मी गेले की दिवेलागण झाली तरी बायका उठत नाहीत. अशी ही बाई थंड. ठीक आहे. माझ्याजवळ बसणाऱ्यांनी शाल घेऊन बसावं, गारठा लागेल.

लिहिते आहे ते माझ्या मुलीच्या, शालनच्या आजारपणाबद्दल. आजारपणं दोन. एक टायफॉईड. तो आला, आम्हाला पिळून काढलं आणि गेला. दुसऱ्याला आजारपण म्हणावं की नाही, हेच मला अजून ठरवता येत नाही. पण त्याला एक नाव आहे, आणि ते नाव मिळालं त्या दिवसापासूनच सुरुवात करायला हवी.

पुण्याची चिठ्ठी

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. शालन पाच वर्षांची होती. बोलत नव्हती, हाकेला बघत नव्हती, पांढरं सोडून दुसऱ्या रंगाचं काही खात नव्हती. गल्लीतले डॉक्टर म्हणायचे, "उशिरा बोलेल." नेसरीच्या चुलतसासूबाईंनी अंगारा धाडला. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्ती म्हणते, म्हणाल्या, "तू एवढी बोलतीस की पोरीला मधी शिरायला जागाच न्हाई." हे निदान फुकटातलं होतं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

शेवटी पुण्याला गेलो. शालन डॉक्टरांच्या खोलीत शिरली ती सरळ पंख्याखाली जाऊन वर बघत उभी राहिली. डॉक्टरांनी हाक मारली, तिनं मान वळवली नाही. त्यांनी खेळण्यातली मोटार दिली. तिनं ती उलटी केली आणि चाक फिरवत बसली. दहा मिनिटं एकच चाक. मग अचानक माझ्याच आवाजात, माझ्याच तोऱ्यात ती डॉक्टरांना म्हणाली, "रांगेत उभे राहा, गडबड नको."

त्या काळी तिच्याकडे एवढं एकच वाक्य होतं. माझ्या वर्गाच्या दारात बसून तिनं ते उचललं होतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, आणि माझा खटला तिथंच निकालात निघाला.

"बाई, तुम्ही नोकरी करता?"

"हो."

"मुलीला जवळ घेता?"

"ती घेऊ देत नाही."

"असं म्हणू नये. मूल येत नसतं, आईनं घ्यायचं असतं."

त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, ऑटिझम. अर्थ असा सांगितला की बाहेर आईची ऊब मिळाली नाही म्हणून मूल आत जाऊन बसतं आणि दार लावून घेतं. ही समजूत साफ चुकीची होती, हे आता डॉक्टरच सांगतात. पण तेव्हा मी ती चिठ्ठी हातात धरून उभी होते आणि माझा नवरा माझ्याकडे बघत होता. ते बघणं मला आजही नको वाटतं.

यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. नुसता आवाज ऐकून कुठला स्क्रू ढिला झालाय ते सांगणारा माणूस. परतीच्या वाटेवर कराडला एस.टी. थांबली तेव्हा चहा घेताना म्हणाले, "वर्षभर रजा काढून बघतीस का?"

"तुम्ही काढा."

"मी आई न्हाई."

"मग मी कुठं आहे? चिठ्ठी वाचा की."

कोल्हापूरला पोचल्यावर मी रजा काढली.

आता माझी मिठी-मोहीम ऐका. सकाळी दहा मिठ्या, दुपारी दहा, संध्याकाळी दहा. घड्याळ बघून. प्रत्येक मिठीला शालन वासा झाल्यासारखी ताठ व्हायची आणि किंकाळी फोडायची. भिंतीपलीकडून शेजारच्या काकी ओरडायच्या, "मारायलीस व्हय गं पोरीला?"

"नाही हो काकी, माया करायलीय!"

चार महिने मी अशी माया केली. शेवटी शालन मला नुसतं येताना बघूनच खाटेखाली जायला लागली. डॉक्टरांचा सल्ला पाळणाऱ्या आईला मिळालेलं हे बक्षीस. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. एक तांब्या अजून चेपलेला आहे.

दुधाचा कट्टा

गंगावेशीत संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळतं दूध तिथल्या तिथं प्यायला देतात. बाहेरगावच्या माणसाला याचं नवल वाटतं, आम्हाला त्या माणसाचं वाटतं. पांढरं खाते ना, मग पाजून तरी बघू, म्हणून हे शालनला घेऊन गेले. मीही मागोमाग.

तिथं म्हादबा गवळी होता. पंचेचाळिशीचा, लग्न न झालेला, थंडी असो वा उन्हाळा, तेच एक खाकी जाकीट घातलेला. गल्लीत त्याला येडा म्हादबा म्हणत. त्याला कुणी विचारलं, "काय म्हादबा, बरं हाय का?" तर तो समोरच्या भिंतीकडे बघत सांगायचा, "चंद्री दुसऱ्या वेताला तेरा दिस पुढं गेलती." मग चंद्री म्हशीची आई, आजी, त्यांची वेतं, कुणाचं शिंग कुठल्या बाजूला वळलेलं, सगळं. थांबवेपर्यंत. थांबवलं तरी.

शालन बोलत नव्हती आणि म्हादबा थांबत नव्हता. दोघांत काय साम्य असणार, असं मलाही वाटलं. मग एक लग्नाची वरात आली.

म्हणजे अजून आली नव्हती. आम्हाला कुणाला काहीच ऐकू येत नव्हतं. शालन चंद्रीच्या पोटाला हात लावून उभी होती, म्हादबा धार काढत होता. एकाएकी शालननं दोन्ही कानांवर हात दाबले. त्याच क्षणी म्हादबानं धार सोडली, जाकिटाच्या खिशातून कापूस काढला आणि कानांत घातला. एकमेकांकडे न बघता. मग बऱ्याच वेळानं पलीकडच्या कोपऱ्यावरून बँडबाजा वळला आणि आम्हा बाकीच्यांना कळलं की गावात आज लग्न आहे.

वरात गेली. म्हादबानं एका कानातला कापूस काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि चंद्रीच्या पाठीवर ठेवले. शालननं ते घेतले. हात न लागता, नजर न मिळता. पुढच्या संध्याकाळी ती स्वतःहून चप्पल घालून दारात उभी राहिली. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या मुलीला कुठंतरी जायचं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

मला आनंद झाला असं लिहायला हवं. झालाही. पण त्याच्या खाली चीडही होती, आणि ती लपवून हे लिहिलं तर लिहायचा उपयोग नाही. मी तिच्यासाठी राजा झाले, राक्षस झाले, झाड झाले, आणि तिनं एक टाळी दिली नाही. हा माणूस तिच्याकडे ढुंकून बघत नव्हता आणि ती त्याच्यासाठी चप्पल घालत होती.

अलीकडे मुंबईहून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, हे घराणं मोठं आहे. त्यात मुळीच न बोलणारी असतात आणि एकाच विषयावर तासभर बोलणारी असतात. शाळेत जिला जमत नाही ती असते, आणि गणितात पहिला येऊन वरातीला घाबरणारा असतो. वरून कुणी एकमेकांसारखं दिसत नाही. पण आवाज, उजेड, स्पर्श, नजर, ठरलेली गोष्ट मोडणं, यांचा त्रास ओळखीचा असतो. म्हणून कधी कधी ती एकमेकांना पटकन कळतात."

"मग म्हादबाला पण तेच आहे?"

"न तपासता मी कसं सांगू? पण तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळत होतं, एवढं दिसतंय."

बाई स्पष्ट बोलतात. मला आवडल्या. हे त्यांनी दहा वर्षं आधी सांगितलं असतं तर आणखी आवडल्या असत्या.

वॉर्ड

कट्ट्यावर जायला लागून सहा-सात महिने झाले आणि शालनला ताप चढला. उतरेना. सरकारी दवाखान्यात ठेवली. टायफॉईड.

"कच्चं दूध पाजत होता?" वॉर्डाच्या डॉक्टरांनी विचारलं. हे तरुण होते, चिडके होते, आणि त्यांच्यावर तीस खाटा होत्या.

"कच्चं नाही, धारोष्ण," मी म्हटलं.

"ते कच्चंच असतं, बाई."

म्हणजे मी आता थंड आणि निष्काळजी अशी दोन्ही झाले. कच्चं दूध बाधलं की कुठलं पाणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण कट्टा बंद झाला तो झालाच.

वॉर्डाचा दिनक्रम असा. पहाटे फिनेल. मग बादल्यांचा खणखणाट. सातला तापमापक, नऊला राउंड, मग इंजेक्शन, मग पेज, मग भेटायला येणारे, मग पुन्हा बादल्या. डोक्यावर एक ट्यूबलाईट सतत गुणगुणत असायची. आमच्या खोलीत आठ खाटा, प्रत्येक खाटेशी चार नातेवाईक, प्रत्येक नातेवाइकाचे दोन सल्ले. मोठं माणूस तिथं वेडं होईल. शालन पहिल्या दिवशी ओरडली. दुसऱ्या दिवशी तिनं सलाईनची सुई उपटली. तिसऱ्या दिवशीही उपटली, तेव्हा सिस्टरनी बँडेजच्या पट्ट्यांनी तिचे हात खाटेला बांधले.

बांधायचं काम हसीनामावशीकडे असायचं. वॉर्डाच्या आया. साठीच्या, पान खाणाऱ्या. सिस्टर बघत असल्या की त्या मोठ्यानं म्हणायच्या, "घट्ट बांधलं बघा, सिस्टर, अगदी घट्ट!" मी बोट घालून बघितलं. गाठीत माझी दोन बोटं सहज जायची. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या म्हणाल्या, "माझी नजर अधू झालीया, बाई. गाठ नीट बसत न्हाई." त्या दवाखान्यात माझ्यावर झालेली ती पहिली मेहेरबानी.

पण शालन खाईना. पेज नको, दूध नको, साखरेचं पाणी नको. तोंड मिटलेलं. चमचा ओठाला लागला की मान भिंतीकडे. ताप उतरायला लागला होता, औषध लागू पडत होतं, आणि पोरगी डोळ्यांदेखत वाळत चालली होती. एकदा तिच्या फ्रॉकची गुंडी लावताना माझा हात बरगड्यांवरून फिरला आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला कपाळ टेकलं. मोजता येत होत्या.

मग मी काय केलं? मला जे येतं तेच. नाटक केलं. चमचा विमान झाला, आगगाडी झाला, आत्तीच्या गोष्टीतली चिमणी झाला. मी सहा आवाज काढले. आसपासच्या खाटांवरची मुलं हसून हसून लोळली, एकानं तर दोन वाट्या पेज जास्त प्यायली. आत्ती डोक्याशी उभ्या राहून "खा गं माझी बाय" म्हणत होत्या, हे पायाशी, धाकटे दीर बाळूभावजी उजवीकडे, सिस्टर डावीकडे. पाच माणसं, दहा डोळे, सगळे तिच्या तोंडाला चिकटलेले. शालननं डोळे गच्च मिटले आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "रांगेत उभे राहा, गडबड नको."

आम्ही सगळे हसलो. आज ते आठवलं की मला स्वतःचा राग येतो. ती हातात असलेलं एकमेव वाक्य वापरून सांगत होती, आणि आम्ही हसलो.

त्या संध्याकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, "उद्या याच वेळी मी येईन. तोवर तोंडानं काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. हात नीट बांधावे लागतील, कदाचित पायही. दुसरा इलाज नाही."

ते दुष्ट नव्हते. त्यांचाही चेहरा उतरला होता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

बाळूभावजींची म्हस

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळूभावजी आले. अंगानं आडवे, आवाजानं उभे. "वैनी, काय काळजी करू नकोस. मी म्हस आणलीया."

"काय आणलीय?"

"म्हस. खाली कंपौंडात हाय. पोरीला खिडकीतनं दाखवूया. धार काढताना बघितली की पोरगी पितीया का न्हाई बघ."

मी खरं सांगते, मला ती कल्पना झकास वाटली. यांनाही वाटली. आमच्या घरात कुणालाही अशा कल्पनेत काही वावगं दिसत नाही. डॉक्टरांनी कच्चं दूध बंद केलंय, हे त्या क्षणी एकाच्याही ध्यानात नव्हतं. भावजींनी म्हादबाकडे चंद्री मागितली होती. म्हादबा म्हणाला, "चंद्री पाचला भाईर पडती." ही तर दुपार. म्हणून भावजींनी दुसऱ्याच कुणाची तरी म्हस हाकत आणली होती. "म्हस ती म्हस," असं त्यांचं मत.

आम्ही शालनचे हात सोडून तिला उचलून खिडकीशी नेलं. खाली म्हस उभी होती, आणि ती दवाखान्याची कर्दळ खात होती. कर्दळ संपवून तिनं दोरीवर वाळत घातलेली बँडेजं हुंगली. सिस्टर पदर खोचून धावल्या, माळी काठी घेऊन धावला, भावजी दोघांच्या मधून धावले. सगळा वॉर्ड खिडक्यांना लोंबकळला. इतका खेळ रंगला की माझ्याच तोंडून "अरे शेपटी धर, शेपटी!" निघून गेलं.

आणि माझ्या हातातली शालन किंचाळली. इतक्या दिवसांच्या उपाशी पोरीच्या अंगात तेवढा आवाज कुठून आला, देव जाणे. म्हस तीच नव्हती, वेळ ती नव्हती, जागा ती नव्हती. तिला ठाऊक असलेली एकच चांगली गोष्ट आम्ही मोडून तिच्यापुढे धरली होती. ती खाटेवर पडली आणि भिंतीकडे तोंड करून थरथरत राहिली.

सिस्टर वर आल्या, कपाळावर घामाचे थेंब. "हा दवाखाना आहे का जनावरांचा बाजार?" त्यांनी शालनचे हात पुन्हा बांधायला लावले. भावजी खाली मान घालून म्हस घेऊन गेले. हे माझ्यावर ओरडले. मी यांच्यावर ओरडले. आत्ती रडायला लागल्या. चार वाजले होते.

पाच वाजता

पाच वाजता म्हादबा वॉर्डाच्या दारात उभा होता.

हे किती मोठं होतं, ते कट्ट्यावरच्या माणसांनाच कळेल. धारेच्या वेळी म्हादबा कट्टा सोडून कधी कुठं गेला नव्हता. त्याच्या आईच्या दिवसकार्यालासुद्धा धार काढून मग गेला होता. कानांत कापूस, हात जाकिटाच्या खिशांत, नजर जमिनीवर. भावजी म्हस परत करायला गेले तेव्हा त्याला सगळं कळलं होतं, आणि तो भडकलेला होता.

"दुसऱ्याची म्हस दावलीसा पोरीला?" तो फरशीला म्हणाला. "माझं गिऱ्हाईक हाय ते."

"चुकलं, म्हादबा," हे म्हणाले. "दूध आणलंय का?"

"दूध कशाला? ते नगं म्हणायल्यात की डॉक्टर. हितली पेज हाय, तीच पाजायची."

तो खाटेशी आला नाही. वॉर्डाच्या मधोमध उभा राहून त्यानं वर बघितलं. "हे वाजायलंय. बंद करा." हसीनामावशींनी ट्यूबलाईट बंद केली. खिडकीतून पुरेसा उजेड होता. इतके दिवस मी त्या लाईटखाली बसले होते आणि ती वाजते हे मला कळतही होतं, पण ती कुणाला दुखू शकते हे कळलं नव्हतं.

"त्यो चमचा न्या. दातावर लागतोय त्यो. वाटी ठेवा. हात सोडा पोरीचं."

"हात सोडायचे नाहीत," सिस्टर म्हणाल्या.

"गाठ सुटलीच हाय, सिस्टर," हसीनामावशी म्हणाल्या, आणि तेव्हा ती सुटली.

हसीनामावशींनी कोमट पेजेची वाटी शालनच्या उजव्या हाताशी स्टुलावर ठेवली. आम्ही सवयीनं सगळे खाटेभोवती जमलो. माझं तोंड उघडलंच होतं. चिमणीचा आवाज जिभेवर तयार होता.

"आता हे काय?" म्हादबा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पण मान वर नव्हती. "इतकी माणसं तोंडाकडं बघायल्यावर घास कसा उतरंल?"

"अहो, पण आम्ही मायेनं..." मी म्हणायला लागले.

"माया आसंल. मला बी आई मायेनं बघायची. मी भितीकडं तोंड करून जेवतुया, ल्हान होतो तवापस्नं. कुणी बघितलं की नरडं आवळतंय." म्हशी सोडून दुसऱ्या गोष्टीवर तो इतकं बोललेला मी कधी ऐकला नव्हता. "कट्ट्यावर सगळी म्हशीकडं बघत्यात. पोरीकडं कोण बघतंय? म्हणून पितीया ती."

आणि तो वळला. खाटेकडे पाठ करून भिंतीला तोंड लावून उभा राहिला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हे वळले. आत्ती पुटपुटत वळल्या. हसीनामावशी वळल्या. सिस्टर म्हणाल्या, "हा काय पोरखेळ," पण त्याही वळल्या. राहिले मी.

मला उभ्या आयुष्यात कुणीही यापेक्षा अवघड काम सांगितलेलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी जवळ घे म्हटलं, ते मी किंकाळ्या ऐकत केलं. पण माझं उपाशी मूल मागे खाटेवर, आणि मी त्याच्याकडे पाठ करू? मग तर चिठ्ठीवर लिहिलेलं खरंच ठरलं की! मी अर्धी वळले. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. शालनचा हात वाटीकडे निघाला होता. माझी नजर लागताच तो मागे गेला.

"वैनी," म्हादबा भिंतीला म्हणाला.

"मी नाही बघत."

"बघायलाईसा."

मी पुरी वळले. समोर चुन्याची भिंत, तिच्यावर पोपडे. मी ओठ दातांत धरले, कारण माझी जीभ काय करेल याचा मला भरवसा नव्हता. एक पोपडा निरखला, मग दुसरा. काही नाही. बादल्यांचा आवाज लांब कुठंतरी. पलीकडच्या खाटेवरचं पोर कुजबुजलं, "आये, ही मानसं भितीत काय बघायल्यात?" त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि का कोण जाणे, तिनंही तोंड फिरवलं.

मग स्टुलावर वाटी घासल्याचा आवाज आला.

मग एक घोट. असा मोठा, भुरका मारल्यासारखा. माझ्या शेजारी यांनी भिंतीवर हात टेकला होता. दुसरा घोट. तिसरा. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात हलवावा लागेल म्हणून ते तसेच उभे होते. कराडच्या चहापासून आमच्यात जे काही साठलं होतं, ते त्या भिंतीसमोर थोडं कमी झालं. सगळं नाही. मी खोटं लिहिणार नाही. पुढं आम्ही पुष्कळ भांडलो, आणि शालन आज मोठी झाली तरी मला आई म्हणून हाक मारत नाही. ती जेवते तेव्हा मी भाकऱ्या थापत असते, तव्याकडे बघत. कुणाच्या घरी असं मूल असेल तर त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. सल्ला देणाऱ्यांची रांग दारात लागेल. त्या रांगेत एखादा असा माणूस शोधा, ज्याला तेच दुखतं.

तर आम्ही सगळे भिंतीला तोंड लावून उभे, आणि मागे घोटांचा आवाज. अशात दाराशी बुटांचा आवाज आला. डॉक्टर राउंडला आले होते. ट्रेमध्ये नळी घेऊन मागे नर्स. पाऊल आत टाकलं आणि ते थबकले असावेत, कारण बूट थांबले. समोर काय दिसलं असेल त्यांना? बंद दिवा, सुटलेले हात, आणि शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे तोंड केलेली सहा-सात मोठी माणसं, त्यांत त्यांची स्वतःची सिस्टर.

"काय चाललंय काय इथं?" डॉक्टर ओरडले.

घोटांचा आवाज थांबला. आणि जो म्हादबा कुणाला कधी डोळे वर करून बोलला नव्हता, तो भिंतीकडे तोंड ठेवूनच, सगळा वॉर्ड दणाणून जाईल अशा आवाजात ओरडला,

"डॉक्टरसाहेब, तुमी बी तोंड फिरवा की, पोरगी जेवायलीया!"